जिम्नीच्या डिकीत खणांची पेटी: वजन, बोल्ट आणि खडखडाट

कातळखडा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. गाडी पाच दारी जिम्नी, मॅन्युअल. फिरणारी माणसं दोन, क्वचित तिसरा भाचा. पावसाळ्यात कोकण आणि घाटमाथा, आणि यंदा जुलैत ग्राम्फू-बातल-लोसर मार्गे स्पिती करायचा बेत आहे. डिकीची अवस्था काय सांगू? चहाचं पातेलं हवं तर आधी टो-रोप, मग हवेचा पंप, मग ओल्या चपलांची पिशवी बाहेर काढायची. एवढं करून पातेलं सापडतं पुढच्या सीटखाली.

म्हणून डिकीत दोन खणांची पेटी बसवायची ठरवलंय. डाव्या खणात स्वयंपाकघर, उजव्यात पाने, पंप, दोर वगैरे. वर सपाट फळी, म्हणजे मागच्या सीटच्या पाठी दुमडल्या की आडवं होता येईल. कंपनीच्या आकड्यानुसार सीट उभ्या असताना डिकी २०८ लिटर, दुमडल्यावर ३३२. पण दुमडलेल्या पाठी आणि डिकीची फरशी एका पातळीत येत नाहीत, मधे पायरी राहते. ती भरून काढायला पेटी मागे आणि पुढच्या बाजूला बिजागरीवर उलटणारी फळी, असं डोक्यात आहे.

अडलंय कुठे ते सांगतो. मागच्या सीट काढूनच टाकाव्यात का? प्लाय घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन? खण सरकवायला चॅनेल कुठलं? आणि हे धूड गाडीला धरून ठेवायचं कशाने? फरशीला भोकं पाडायला मन धजत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. तयार परदेशी सेटच्या लिंका कृपया देऊ नयेत. बघून झाल्यात, किंमत बघून वर पाणीही पिऊन झालंय.

गुळपोळी

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे थार आहे, म्हणजे डिकी नाहीच, पण वाचायला काय जातंय.

पर्थकर

इकडे ऑस्ट्रेलियात हा प्रकार इतका रुळलाय की जुनी गाडी विकतानाही जाहिरातीत 'खणांसकट' असं लिहितात. माझ्या टोयोटा प्राडोत मागे दोन लांब खण आहेत, एकावर फ्रिज. ही गाडी गिब रिव्हर रोडवरून नेली आहे. डर्बीकडून निघालं की साधारण ६६० किलोमीटर, त्यातला बराचसा कच्चा आणि अंगावर नुसत्या आडव्या लाटा. तिथे खणाची परीक्षा होते. खड्डा एकदा आपटतो आणि सोडून देतो. या लाटा दिवसभर सेकंदाला कित्येक वेळा हादरवतात, आणि ज्या नटाला तुम्ही विसरलात तो बरोबर शोधून काढतात.

दोन गोष्टी डोळे झाकून करा. चॅनेल २२७ किलोवालंच, म्हणजे तेवढा भार पेलणारंच घ्या, बाजूने बसणारं. आडवं पाडून, म्हणजे खणाच्या बुडाला लावलंत तर त्याची क्षमता पार कोसळते. दुसरं, लॉक दोन्हीकडे हवं: बंद असतानाही आणि पूर्ण उघडल्यावरही. उतारावर गाडी नाक खाली करून उभी असेल आणि खणाला उघडं धरणारं काही नसेल, तर तुम्ही कांदा कापत असताना भरलेला खण आपोआप आत सरकून बोटांवर मिटतो.

चाकणचा_पाना

पर्थकर, प्राडोला जे पचतं ते जिम्नीला पचेलच असं नाही. धागाकर्ते, चॅनेल, प्लाय सगळं बाजूला ठेवा आणि आधी वजाबाकी करा.

जिम्नीचं रिकामं वजन व्हेरिएंटनुसार १२०० किलोच्या आसपास. कमाल अनुमत वजन १५४५. म्हणजे माणसं, सामान, पेटी, बायकोच्या मावशीने दिलेली लोणच्याची बरणी, सगळं धरून हातात ३४० किलोच्या आसपास. ७० किलोची चार माणसं बसली की २८० गेले, उरले ६०. त्यात ५० किलोची पेटी टाकली तर सामानाला १० किलो. आता तुम्ही दोघंच म्हणता, म्हणजे २०० उरतात. पण त्यातून छपरावरचं कॅरियर, त्यावरचा तंबू, समोरचा जाड बंपर आणि विंच वजा करा. हे सगळं एकाच गाडीवर लावून ती लडाखला नेणारे मी पाहिलेत. गाडी जाते, का नाही जाणार? पण घाट उतरताना ब्रेक आणि मागच्या स्प्रिंगा काय भोगतात ते त्यांनाच ठाऊक.

बघा, २२७ किलोच्या मीटरभर चॅनेलची जोडी स्वतःच आठ-दहा किलोची असते. दोन खणांना दोन जोड्या. खणात चमचा ठेवण्याआधीच वीस किलो गेले! शिवाय हे चॅनेल एका बाजूला १९ मिमी जागा खातं, म्हणजे प्रत्येक खणामागे ३८. जिम्नीच्या रुंदीत ते परवडणार आहे का?

आकडे माझे मानू नका, गाडीच्या कागदांवर बघा. रिकामं वजन आरसीवर छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही एवढंच.

पर्थकर

मान्य. इकडेही लोक याच गणितात अडकतात. मग कमाल वजन अधिकृतपणे वाढवून घेण्यासाठी स्प्रिंगा बदलून प्रमाणपत्र मिळवण्याची वेगळी बाजारपेठच आहे. भारतात तो मार्ग नाही, तेव्हा पेटी हलकी करणं हाच उपाय.

वकिलीणबाई

सीटबद्दल बोलते. त्या काढून टाकू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. आरसीवर आसनं चार लिहिलेली आणि गाडीत दोनच, हे रस्त्यावरच्या तपासणीत आणि पुढे विम्याच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. सीट दुमडणं हा बदल नव्हे, ती सोय कंपनीनेच दिली आहे. आणि डिकीत बोल्टने बसवलेली, तासाभरात उतरवता येणारी पेटी हे माझ्या मते सामानच. तरी बिलं जपून ठेवा आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी तिची किंमत विजेवर न चालणारी अ‍ॅक्सेसरी म्हणून दाखवून घ्या.

अवांतर: लोणच्याच्या बरणीबद्दल कायदा गप्प आहे.

कातळखडा

वकिलीणबाई, धन्यवाद. सीट राहणार, ठरलं. पानेसाहेबांची वजाबाकी वाचून छपरावरच्या कॅरियरचा विषय घरात काढलाच नाही. पेटीला ३० किलोची मर्यादा घालून घेतो, रिकामी, सगळ्या नट-बोल्टांसकट. आता त्यात काय बसतं ते सांगा.

सुतारपक्षी

आमचा तीन पिढ्यांचा सुतारकामाचा धंदा, हल्ली कॅम्पर व्हॅनच्या आतलं काम जास्त येतं. ३० किलोत आरामात बसेल, पण प्लाय नीट निवडा.

आठ बाय चारची १८ मिमीची शीट साधारण ३५ किलोच्या वर जाते, १२ मिमीची २३ ते २६. म्हणजे १८ चा विचारच सोडा. गिऱ्हाईक येतं आणि 'दणकट करा' म्हणून १९ मिमीचा आग्रह धरतं. दणकटपणा जाडीत कमी आणि सांध्यात जास्त असतो हे पटवता पटवता अर्धा दिवस जातो. १२ मिमी घ्या, खणांच्या बुडाला ९ चालेल. शिक्का आयएस ७१० चा बघा, तो मरीन. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) घरच्या किचनला ठीक आहे, पण तुम्ही जुलैत ओले रेनकोट त्याच्यावर टाकणार. नुसता शिक्का बघून थांबू नका, शीटची कड बघा. थरांच्या मधे पोकळ भेगा दिसल्या तर तिथेच परत करा, कारण स्क्रू नेमका त्या पोकळीत जातो आणि पकडच धरत नाही.

सांधा: कडेला खाच मारून फळी त्यात बसवायची, ग्लू लावायचा आणि मग स्क्रू. नुसते स्क्रू आणि एल-पट्ट्या यांवर उभं केलेलं काम हादऱ्यांनी सैल होतं. कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने किंवा पीयू सीलरने दोनदा भरून घ्या. पाणी प्लायच्या तोंडावरून कधी शिरत नाही, कडेतून शिरतं.

अ‍ॅल्युमिनियम? खाच असलेले ४० बाय ४० चे सेक्शन दिसतात झकास आणि लेगोसारखे जोडता येतात. पण एका मीटरला दीड किलोच्या आसपास पडतात आणि वर पॅनेल लावावंच लागतं. सांध्याचे छोटे बोल्ट वरचेवर आवळत बसायचं. वेल्डिंगची एक इंची चौकोनी नळी घेतली तर १६ गेजला मीटरमागे सव्वा किलोच्या आत. ती सांगाडा म्हणून चांगली, पण गंज आणि रंग आला. तुमच्या कामाला प्लायचीच पेटी आणि बाहेरच्या कडांना अ‍ॅल्युमिनियमची पातळ एल-पट्टी, एवढं पुरे.

घाटवेडी

चॅनेलबद्दल एक ऐका. गेल्या वर्षी स्पितीत आमच्या गटातल्या एका गाडीत मॉड्युलर किचनवाल्याकडून करून घेतलेले खण होते. टेलिस्कोपिक चॅनेल, ४५ किलोचं, दिसायला गुळगुळीत. ग्राम्फूनंतर रस्ता कुठे नाला आहे, कुठे नाल्यातला रस्ता आहे ते कळत नाही. बातलला पोचेपर्यंत एका बाजूच्या चॅनेलची छर्ऱ्यांची पट्टी वाकली आणि छर्रे खणाबाहेर पडले. खण दोन बोटं उघडा, पुढे नाही की मागे नाही. शेगडी आत. शेवटी वरची फळी खोलून शेगडी काढली, तोवर ढाब्यावर सगळ्यांचे दोन-दोन चहा झाले होते.

म्हणणं हे की ते ४५ किलो घरातल्या भिंतीला टेकलेल्या कपाटासाठी असतात. धूळ, हादरे आणि पाणी त्या आकड्यात नसतं.

आणि ग्रीस लावू नका! आपली कोकणातली तांबडी धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिशपेपर तयार होतो. लावायचंच तर सुकं सिलिकॉन किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) फवारा.

गुळपोळी

म्हणजे २२७ वालं जड पडतं आणि ४५ वालं बातलला तुटतं. धागा संपला म्हणायचा का?

सुतारपक्षी

गुळपोळी, संपला कसा? चॅनेल लावलंच पाहिजे असं कुणी सांगितलं? आजोबांच्या काळातल्या शिसवी टेबलांना कुठे चॅनेल होतं? लाकडावर लाकूड सरकायचं, कडेला मेण फासलेलं असायचं.

तीच रीत प्लॅस्टिकवर आणा. खणाच्या बुडाला आणि पेटीच्या तळाला यूएचएमडब्ल्यू किंवा एचडीपीई या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पाच-सहा मिमीच्या पट्ट्या लावा. एचडीपीई म्हणजे भाजी कापायचे ते पांढरे जाड बोर्ड, बहुतेक त्याचेच असतात. पट्ट्या मिळाल्या नाहीत तर एक मोठा बोर्ड आणून कापा, मी स्वतः कापलेत. स्क्रूचं डोकं पट्टीत खोल बुडवा, नाहीतर समोरच्या पट्टीला ओरखडत राहील. अजून हलकं सरकायला हवं असेल तर पेटीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एक-एक बेअरिंग: ६०८ नंबरचं, आत ८ मिमीचं भोक, बाहेरून २२ मिमी, दोन्हीकडे रबरी झाकण असलेलं. एम-८ चा बोल्ट सरळ आत बसतो. खण ओढला की त्याचं बूड बेअरिंगवर चढतं आणि मागची बाजू पट्टीवर घसरत येते. यात तुटायला काही नाही, धूळ आली तर फडक्याने पुसायची.

तोटाही सांगतो. असा खण पूर्ण बाहेर येत नाही. लांबीचा साधारण तिसरा हिस्सा आत राहिलाच पाहिजे, नाहीतर तोंडावर पडतो. त्यासाठी मागे अडथळ्याची पट्टी ठोकायची. प्राडोच्या लांब खणाला हे गैरसोयीचं, कारण मागच्या तिसऱ्या हिस्स्यात काय आहे ते कळतच नाही. तुमची पेटी सीटच्या पाठीमागच्या फरशीपुरती, म्हणजे खण आखूड. वरून हात घातला तरी शेवटपर्यंत पोचेल.

पर्थकर

हे झकास आहे. इकडेही काही जुने लोक रोलरवरच खण चालवतात, चॅनेलच्या वाटेला जात नाहीत. आखूड खणाला मीही हेच करेन. पेटी काटकोनात आहे ना ते मात्र कर्ण मापून बघा. दोन्ही कर्ण एकमेकांशी जुळले पाहिजेत. दोन मिमी फरक असला तरी खण एका कोपऱ्यात घासायला लागतो.

कातळखडा

मंडळी, या आठवड्यात पुठ्ठ्याचा नमुना करून पाहिला. शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचं खोकं कामी आलं. चार गोष्टी कळल्या, ज्यांना जिम्नीत करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

डिकीच्या आतली रुंदी मापून पेटी करू नका, दाराच्या चौकटीची रुंदी मापा. चौकट आतल्यापेक्षा अरुंद आहे, आणि त्यातही दाराच्या कडेचं रबर आणि कुलपाचा आकडा आत डोकावतात. खण सरळ रेषेत बाहेर येताना या दोन्हींना चुकला पाहिजे. दुसरं, चाकांच्या कमानी सरळ नाहीत, वर निमुळत्या होत जातात. पेटीच्या बाहेरच्या बाजूला तिथे तिरपी पोकळी उरते. ती वाया न घालवता डावीकडे पाण्याच्या बाटल्या आणि उजवीकडे टो-रोपची पिशवी बसवतोय. तिसरं, दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनीचं वजन आहे. गाडी कलती उभी असेल तर ते आपोआप मिटायला बघतं, म्हणजे खण उघडा असताना दार खणावर आपटणार. दाराला अडकवायला एक दोरीचा आकडा करतोय.

चौथं महत्त्वाचं: जॅक, हँडल आणि चाकाचा पाना पेटीखाली गाडला जाऊ देऊ नका. माझ्या नमुन्यात तो नेमका तिथेच जात होता. आता ते उजव्या खणात सगळ्यात वर.

पेटीची रुंदी ९०० मिमी, खोली ५५०, उंची २५० ठरली. वरची उलटणारी फळी धरून सगळं एकाच आठ बाय चारच्या शीटमधून निघतंय, थोडे तुकडे उरतात. मधल्या उभ्या फळीला हाताच्या पंजाएवढी भोकं पाडून वजन कमी करू का?

सुतारपक्षी

मधल्या फळीला पाडा, कोपऱ्यांपासून चार बोटं लांब. वरच्या फळीला नको, तिच्यावर तुम्ही झोपणार आहात.

आणि खणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन-अडीच मिमी मोकळीक ठेवा. आत्ता मे महिन्यात एक मिमीत सुरेख बसेल, तुम्ही खूश व्हाल. आषाढात तोच खण फुगून असा रुततो की दोन्ही पाय बंपरला लावून ओढावा लागतो.

चाकणचा_पाना

आता बोल्टाकडे येऊ या, कारण सगळ्या धाग्यात जीव जाऊ शकतो तो याच मुद्द्यावर.

पेटी २६-२७ किलोची धरू, सामान ४०. एकूण ६६ धरा. समोरासमोरच्या जोरदार धडकेत २० जीपर्यंतचा, म्हणजे वजनाच्या वीसपट झटका गृहीत धरणं अतिशयोक्ती नाही. ६६ गुणिले २०, म्हणजे १३२० किलोचा जोर पुढच्या दिशेने, क्षणभर. तुमच्या सीट दुमडलेल्या आहेत. एरवी सीटची पाठ सामान अडवते. युरोपच्या आर-१७ नियमात पाठीची चाचणी १८ किलोचे दोन ठोकळे मागून आदळून घेतात. दुमडली की तीही गेली, पेटी आणि तुमच्या पाठीच्या मधे काही नाही.

८.८ ग्रेडचा एकटा एम-८ बोल्टसुद्धा दोन टनांच्या आसपास ताण सोसतो, म्हणजे बोल्टाची काळजी नाही. बोल्ट तुटत नाही हो, पत्रा फाटतो! एक मिमीच्याही आतला फरशीचा पत्रा आणि त्यात छोटा वॉशर, असं असेल तर बोल्ट वॉशरसकट वर निघून येतो. म्हणून कंपनीने जिथे नट वेल्ड करून दिलेत तेच बिंदू वापरा: सामान बांधायचे हुक जिथे बोल्टने बसवलेत ती छिद्रं, सीटच्या बिजागरीचे बोल्ट. तिथे मागून मजबुती आधीच दिलेली असते. बाकी कुठे नवीन भोक पाडायची वेळ आलीच तर गाडीखाली झोपून आधी बघा, पेट्रोलची टाकी कुठे, ब्रेकची नळी कुठे, वायरिंग कुठे. आणि खालून ५० बाय ५० ची, तीन मिमीची पोलादी पट्टी लावल्याशिवाय नको.

सीटबेल्टच्या अँकरला हात लावू नका. बहुतेक गाड्यांत तिथे ७/१६ इंची बारीक आट्यांचा बोल्ट असतो. जवळपास दिसतो म्हणून त्यात एम-१० दामटणारे महाभाग आहेत. आटे गेले की तो बेल्ट नुसता शोभेचा.

पुढचे दोन बोल्ट जास्त काळजीने करा. खण भरून बाहेर ओढला आणि त्यावर कुणी टेकलं, की पेटीची मागची कड टेकू होते आणि पुढची बाजू वर उचलली जाते. लोक मागे चार बोल्ट लावतात आणि पुढे दोन स्क्रू.

पर्थकर

+१. इकडे स्टेशन वॅगनमध्ये खणांच्या पुढे पोलादी जाळी लावायची पद्धत आहे, तिला एएस/एनझेडएस ४०३४ हे वेगळं मानक आहे. जिम्नीसाठी तशी तयार जाळी मिळाली नाही तरी निदान पेटीवरचं मोकळं सामान रॅचेट पट्ट्याने बांधा. पेटी जागची हलली नाही आणि तिच्यावरचा कुकर डोक्यात बसला, याला काय अर्थ?

रानवाट

माझ्याकडे फोर्स गुरखा गाडी आहे, फॅब्रिकेटरकडून पेटी करून घेतली. त्याने फरशीच्या गालिच्यावरच पेटी ठेवून बोल्ट आवळले. महिन्याभरात गालिचा दबला आणि बोल्ट सैल. आता फोम कापून खाली रबराचे तुकडे टाकलेत. धागाकर्ते, पेटीचे पाय थेट पत्र्यावर किंवा कडक रबरावर येऊ द्या.

कातळखडा

रानवाट, हे लक्षात आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत. बोल्ट जातात तिथे गालिच्याला गोल छेद देऊन १० मिमीचे नायलॉनचे टेकू घालतो.

घाटवेडी

आता थोडं बायकी राजकारण. खण ठरवताना 'स्वयंपाक' आणि 'हत्यारं' अशी वाटणी पुरुष करतात. प्रत्यक्षात वाटणी करायची ती 'दिवसातून चारदा लागणारं' आणि 'देव करो न लागो' अशी. चहा, बिस्किटं, टिश्यू, टॉर्च, ओडोमॉस, पाण्याचा मग हे सगळं एका खणात, पुढच्या बाजूला. शेगडी रोज दोनदाच लागते, ती मागे गेली तरी चालेल. टो-रोप मात्र खणात नकोच. गाडी रुतते तेव्हा मागचं दार उघडण्याइतकी जागा असेलच असं नाही.

ब्युटेनचे डबे खणात कोंबू नका. डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं आणि मे महिन्यात बंद गाडी तिथवर सहज जाते. आणि स्पितीत पहाटे हेच डबे रुसतात, कारण शून्याच्या आसपास नुसत्या ब्युटेनची वाफच होत नाही. प्रोपेन मिसळलेला डबा घ्या किंवा चहा आठ वाजता प्या.

वर गालिचा चिकटवणार असाल तर नको म्हणेन. शोरूमसारखा दिसतो, पण कोकणात तीन दिवस ओला राहिला की कुबट वास येतो आणि तो वास पुढच्या दिवाळीपर्यंत गाडीत मुक्कामाला असतो. पीयू रंग आणि वर उचलता येणारी रबरी मॅट.

गुळपोळी

'बायकी राजकारण' वाचून घाबरलो होतो, पण हा प्रतिसाद चिकटवून ठेवण्यासारखा आहे. थारच्या मागच्या सीटखालीसुद्धा हेच तत्त्व लावता येईल.

कातळखडा

काम झालं, तपशील टाकतो. फोटो वेगळ्या प्रतिसादात.

पेटी १२ मिमी मरीनमध्ये, खणांची बुडं ९ मिमी. सांधे खाचेत ग्लू लावून, कडांना इपॉक्सीचे दोन हात. सुतारपक्षींचा भाजीच्या बोर्डाचा उपाय वापरला. कापताना पांढरा भुसा इतका उडाला की गॅलरीत बर्फ पडल्याचा भास झाला. भरला खण एका हाताने सरकतो. तोंडाशी ६०८ ची बेअरिंगं आहेत, पण खरं सांगायचं तर पट्ट्यांवरच काम भागलं असतं.

कुलूप: नुसती कडी न लावता कॉम्प्रेशन लॅच घेतलं, फिरवलं की खणाचं तोंड आत ओढून धरणारं. पेटीच्या कडेला दाराचं रबर बीडिंग लावलंय, लॅच त्यावर दाबतं. खडखडाट त्यानेच गेला. ताम्हिणीच्या उखडलेल्या पट्ट्यात मुद्दाम नेऊन पाहिलं. आता आवाज येतो तो फक्त चमच्यांचा, त्यांना फडक्यात गुंडाळायचं. उघड्या खणासाठी लॉक वेगळं केलं: खणाच्या बाजूला स्प्रिंगचा खटका, बाहेर आल्यावर पेटीच्या कडेत अडकतो. पायाने दाबता येणार नाही अशा जागी आहे, मुद्दाम.

बोल्ट: चार एम-८, ८.८ ग्रेड, नायलॉक नट किंवा थ्रेडलॉकर जिथे जे जमेल ते. टॉर्क पान्याने २५ न्यूटन-मीटरवर आवळले. पुढचे दोन सीटच्या बिजागरीच्या बिंदूंना पोलादी पट्टीने जोडलेत, मागचे दोन हुकांच्या छिद्रांत. नवीन भोक एकही नाही. पहिल्या फेरीनंतर पुन्हा पाना लावून पाहिला, मागचा डावा थोडा फिरला, बाकी जागच्या जागी.

रिकामी पेटी फळीसकट २६ किलो. मग सगळं भरून, आम्ही दोघं बसून, टाकी फुल करून हायवेजवळच्या वजनकाट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काटेवाल्याला वाटलं यांना वेड लागलंय, पण त्याने तिन्ही पावत्या दिल्या. पूर्ण गाडी १४७०, पुढे ७१०, मागे ७६०. मर्यादेच्या आत ७५ किलो शिल्लक.

चाकणचा_पाना

उत्तम. त्या ७५ मध्ये भाचा बसतो, त्याची बॅग मात्र मोजून घ्या. काट्याचा किमान टप्पा बहुधा १० किलोचा असतो, म्हणजे तेवढी चूक धरा. मागच्या चाकांची हवा या वजनाला किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बघा. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच धरा.

रानवाट

कॉम्प्रेशन लॅचसाठी खणाचं तोंड किती मिमी जाड ठेवलंत? माझ्या खणाला तेच बसवायचंय, पण तोंड १८ मिमीचं आहे.

कातळखडा

माझं तोंड १२ चं आणि मागे १२ चा तुकडा चिकटवून लॅचपुरतं २४ केलंय. तुमच्या १८ ला लॅच घेताना पकडीची जाडी दुकानातच विचारा, काहींची पकड कमी-जास्त करायला मागे नट असतो. ज्यांना कापणीचं रेखाटन हवंय त्यांनी खाली हात वर करा, शनिवारी मापांसकट टाकतो.

घाटवेडी

✋ आणि बाटल्यांच्या त्या तिरप्या कप्प्याचंही.